धागा : वर्षभर काय वाचलं, त्याची नोंद कशी ठेवावी?

पांदण | २८ डिसेंबर, सकाळी ७:१०

वाचलेल्या पुस्तकांची नुसती यादी दोन वर्षांनी फारशी कामाची राहत नाही. नाव दिसतं, लेखक दिसतो, पण धुऱ्याच्या भांडणाचं ते प्रकरण कोणत्या पुस्तकात होतं, कितव्या पानावर होतं, हे त्या यादीत सापडत नाही. पुस्तक वाचनालयाचं असलं तर ते केव्हाच परत गेलेलं असतं. तालुक्याच्या गावी जाऊन पुन्हा मिळवलं तर नेमकी दुसरी आवृत्ती हातात येते आणि पानं जुळत नाहीत.

म्हणून या धाग्यात वर्षाला पन्नास झाली की शंभर, यावर बोलायला नको. पुस्तक जवळ नसताना ती जागा पुन्हा गाठता यावी, एवढ्यासाठी नोंद कशी करायची ते सांगा.

एका पुस्तकाला माझ्या मते इतकं लागतंच: नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक आणि मूळ भाषा, प्रकाशक, हातातल्या आवृत्तीचं साल, पानं, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, कुठून आणलं, आणि निदान तीन पानांचे क्रमांक, प्रत्येकापुढं चार-पाच शब्द. ‘पा. ८८ – विहिरीच्या पाळीवरून वाद’ इतकं पुरतं. बहुतेक जण हीच शेवटची गोष्ट गाळतात, आणि पुढं शोधायला तीच लागते.

दोन गोष्टींवर मत हवं आहे. वर्ष केव्हापासून धरायचं? आणि कागदावर ठेवायचं की मोबाईलवर?

वाचनालय_कार्यवाह | २८ डिसेंबर, सकाळी ९:३५

ताई, तुमच्या यादीत एक रकाना वाढवा: दाखल अंक. वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकावर शिक्क्याजवळ एक क्रमांक हातानं लिहिलेला असतो. पुस्तक संग्रहात आलं त्या दिवशी दाखल नोंदवहीत त्याला तो मिळतो आणि पुस्तक असेपर्यंत बदलत नाही. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असल्या तर तिघींचे दाखल अंक वेगळे. तुमच्या वहीत तो अंक असला की दोन वर्षांनी येऊन ‘हीच प्रत द्या’ म्हणता येतं. मग आवृत्तीचा आणि पानांचा घोळ उरत नाही. खेड्यातल्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांत कॉम्प्युटर असो नसो, दाखल नोंदवही असतेच.

आवृत्तीबद्दल. आतल्या पानावर, जिथं प्रकाशक आणि मुद्रकाचा पत्ता छापतात, तिथं ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ असे दोन वेगळे शब्द असतात. पुनर्मुद्रणात सहसा मांडणी तीच राहते, पान १३२ हे १३२ च. नव्या आवृत्तीत अक्षर बदलतं, प्रस्तावना वाढते, आणि १३२ वरचा मजकूर १४१ वर जातो. म्हणून खूण करताना नुसतं पान टाकू नका, प्रकरणही टाका: ‘प्र. ७, पा. १३२’. पान हुकलं तरी प्रकरण हुकत नाही.

वर्षाचं म्हणाल तर वाचनालयाचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. वर्गणी, अनुदान, पुस्तक खरेदी सगळं त्याच वर्षावर. पुस्तकं मुख्यतः वाचनालयातून येत असतील तर तुमची नोंदही एप्रिल ते मार्च ठेवा, म्हणजे आमच्या देवघेव नोंदवहीशी ताळा करता येतो.

डवरा | २८ डिसेंबर, दुपारी १:०२

ताई, कागदाचंच सांगतो. लाइन केव्हा जाईन त्याचा नेम नायी, अन् वावरात टॉवर भेटत नायी. पह्यली नोंद कागदावरच पडली पाह्यजे, मोबाईलवर मंग चढवा.

दोनशे पानाचं ए-फोर रजिस्टर घ्या, शिवलेलं. गोंदानं चिकटवलेलं नको, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गोंद वाळून तडकते अन् पानं सुटते. डावं अन् उजवं पान मिळून एक नोंद करा. शिवणीजवळ १ सेंटीमीटर सोडला का हरेक पानावर २० सेंटीमीटर रुंदी उरते. डाव्या पानावर क्रमांकाले १.५, सुरू केल्याच्या तारखेले २, संपल्याच्या तारखेले २, नाव-लेखक-अनुवादकाले १०.५, प्रकाशक अन् आवृत्तीच्या सालाले ४. उजव्या पानावर पानसंख्येले १.५, कुठून आणलं अन् दाखल अंक मिळून ३, प्रकाराले १.५, अन् उरलेले १४ सेंटीमीटर पूर्ण खुणांले. एका पुस्तकाले तीन ओळी. २७ ओळीचं पान असलं तर एका जोडपानावर नऊ पुस्तकं बसते. चाळीस पुस्तकाले पाच जोडपानं झाले. म्हणजे एक रजिस्टर लय वर्षं पुरते.

जेल पेन वापरू नका. पावसाळ्यात बोट ओलं असलं का शाई पसरते. बॉलपेन चांगलं. पेन्सिल त्याहूनही चांगली, पानी पडलं तरी अक्षर जात नायी.

अन् एक. रोजच्या पानाचं टार्गेट बारा महिने सारखं धरू नका. मृगात पेरणी, मंग निंदण-डवरणी, दसरा-दिवाळीले सोयाबीनची सोंगणी, तिच्या मांगं कापूस वेचणी अन् तूर. त्या दिवसांत वाचन कमीच होईन, त्याचं काही नायी. नोंद काऊन तुटते ते पाहा: पुस्तक संपल्यावरच लिहाची सवय असते म्हणून. सोंगणीच्या दिवसांत पुस्तक अर्धवट राहते अन् नोंद पडतच नायी. पुस्तक हाती घेतलं त्याच दिवशी क्रमांक, नाव अन् सुरू तारीख टाकून ठेवा.

आकडेमोड | २८ डिसेंबर, रात्री ९:४८

डवरा भाऊंचं बरोबर आहे, पहिली नोंद कागदावरच हवी. पण कागदावर ‘जुलैत किती पानं झाली’ किंवा ‘अनुवादित किती’ हे काढायला बसलं तर अर्धा दिवस जातो. म्हणून महिन्यातून एकदा वहीतलं गूगल शीटमध्ये चढवायचं. तिथं जे हमखास बिघडतं ते सांगतो.

पहिलं, तारीख. शीटचं लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीनं धरायची ते, अमेरिकेचं असेल तर १२ जून म्हणून टाकलेलं १२/०६ ती ६ डिसेंबर धरते. २५/०६ टाकलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो नुसता मजकूर होतो. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख खान्यात उजवीकडं चिकटते, मजकूर डावीकडं. कॉम्प्युटरवर शीट उघडून फाइल, सेटिंग्ज, लोकेल, इंडिया असं एकदा करून ठेवा. हे पहिल्याच दिवशी करा, कारण आधी चुकून पडलेल्या तारखा नंतर आपोआप सुधारत नाहीत.

दुसरं, अंक. पानांच्या रकान्यात २१४ असं देवनागरीत टाकलं तर शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही. बेरीज शून्य आली की हेच कारण. अंकांसाठी कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, नावं मराठीत लिहा.

तिसरं, स्थिती. ‘पूर्ण’, ‘चालू’, ‘सोडलं’, ‘संदर्भापुरतं’ हे चारच पर्याय ड्रॉपडाउनमध्ये ठेवा. हातानं लिहिलं की कुठं ‘पूर्ण’, कुठं ‘पुर्ण’, कुठं ‘पूर्ण झाले’ होतं आणि काउंटइफ हे मोजणीचं सूत्र तिन्ही वेगळे मोजतं.

वर्ष कोणतं धरायचं हा प्रश्न शीटमध्ये उरतच नाही. संपल्याची तारीख नीट असली की काउंटइफ्सला दोन टोकांच्या तारखा द्यायच्या: जानेवारी–डिसेंबर हवं तर ते, एप्रिल–मार्च हवं तर ते, पाडवा ते पाडवा हवं तर तेही. पुस्तक दोन वर्षांत विभागलं गेलं तर संपल्याच्या तारखेचं वर्ष धरा आणि हा नियम मध्येच बदलू नका.

शेतात नेटवर्क नसेल तर शीटच्या ॲपमध्ये फाइलपुढच्या तीन ठिपक्यांवर दाबून ती ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. गूगल फॉर्म मात्र यासाठी वापरू नका. तो नेटशिवाय जात नाही, आणि त्यावर आपोआप पडणारी वेळ ही फॉर्म भरल्याची असते, पुस्तक संपल्याची नसते.

धानपट्टी | २९ डिसेंबर, सकाळी ६:५५

दिवाळी अंकांचं काय करायचं? एका अंकात दहा-बारा कथा, लेख, कविता. अंक एक म्हणून मोजावा की प्रत्येक कथा वेगळी? आणि आमच्या भागात धान कापणी-मळणी उरकेपर्यंत अंक हातात येत नाही. दिवाळीचा अंक फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो.

पांदण | २९ डिसेंबर, सकाळी ८:२०

अंकाला एकच क्रमांक द्यायचा आणि आतलं जे खरोखर वाचलं त्याला पोटक्रमांक. न वाचलेल्या गोष्टींची नोंदच करायची नाही, म्हणजे ‘अंक पूर्ण वाचला का’ हा प्रश्न पडत नाही. प्रत्येक कथेपुढं लेखकाचं नाव आलंच पाहिजे. हीच कथा तीन वर्षांनी कथासंग्रहात येते, आणि तेव्हा ‘आधी कुठं तरी वाचलंय’ याचं उत्तर वहीत मिळतं. अंकाच्या अनुक्रमणिकेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. अंक रद्दीत गेला तरी नावं हाताशी राहतात.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये. शंभराहून जास्त वर्षं मराठी वाचकाच्या वाचनाचा मोठा वाटा या अंकांमधून येतो आहे, आणि वाचनाच्या याद्यांमध्ये नेमके तेच दिसत नाहीत, कारण त्यांना कोणी ‘पुस्तक’ म्हणत नाही. नोंदीत त्यांना पूर्ण जागा द्या.

आकडेमोड | २९ डिसेंबर, सकाळी १०:११

पोटक्रमांकाबाबत जपून. शीटमध्ये ३१.१ आणि ३१.१० लिहिलं तर दोन्ही एकच आकडा होतो, दहावी कथा पहिलीत मिसळते. ३१-१ लिहिलं तर शीट त्याची तारीख करून टाकते. पुढं अक्षर लावा: ‘दि३१-०१’, ‘दि३१-०२’. अक्षर असलं की ते मजकूर म्हणूनच राहतं, आणि दोन अंकी ठेवल्यामुळं क्रमही बरोबर लागतो.

गुरुजी_जिप | २९ डिसेंबर, दुपारी ४:३०

पुन्हा पुन्हा वाचायच्या ग्रंथांबद्दल लिहितो, कारण आपल्याकडं घरोघरी हेच वाचन सगळ्यात जास्त आहे आणि याद्यांमध्ये सगळ्यात कमी.

‘गजानन विजय’ ग्रंथाचे २१ अध्याय आहेत. कोणी एका दिवसात पारायण करतं, कोणी तीन, कोणी सात. तीन दिवसांचं असेल तर रोज सात अध्याय, सात दिवसांचं असेल तर रोज तीन. वहीत २१ चौकटी सात-सातच्या तीन ओळींत आखायच्या आणि वाचलेल्या अध्यायाच्या चौकटीत तारीख लिहायची. ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय, त्याला चौकटी ४१. प्रत्येक पारायणाला नवा क्रमांक देऊ नका. ग्रंथाला एकच क्रमांक, आणि त्याखाली ‘पुन्हा’ म्हणून नवी तारीख. नाही तर वर्षाअखेरीस एकच ग्रंथ चार पुस्तकं म्हणून मोजला जातो.

या ग्रंथांकडून एक गोष्ट बाकीच्या वाचनालाही घेण्यासारखी आहे. ओवीला क्रमांक असतो. खिशात मावणारी प्रत असो की मोठ्या अक्षराची, पानं बदलतात. अध्याय आणि ओवी बदलत नाहीत. म्हणून तिथं पान लिहायचंच नाही, ‘अ. ५, ओ. २०’ असं लिहायचं. हाच विचार इतर ठिकाणीही करा. नाटक असेल तर अंक आणि प्रवेश, कविता असेल तर कवितेचं नाव, कायद्याचं पुस्तक असेल तर कलम, शब्दकोश-विश्वकोश असेल तर नोंदीचं शीर्षक. जी खूण आवृत्तीबरोबर बदलत नाही ती आधी, पान त्यानंतर.

कापूसपुस्तिका | २९ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५

पुस्तिकांचा मुद्दा राहिला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कृषी संवादिनीसारखं जे आपण वाचतो, त्यात साल हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे. गुलाबी बोंडअळीनं विदर्भात २०१७ मध्ये मोठं नुकसान केलं. त्याच्या आधी छापलेल्या पुस्तिकेतला सल्ला आणि नंतरच्या पुस्तिकेतला सल्ला शेजारी शेजारी ठेवून वाचायचे असतात, एकमेकांत मिसळायचे नसतात. वहीत नुसतं ‘कपाशी कीड नियंत्रण, पा. १४’ असलं तर ते कोणत्या सालचं हे कळणार नाही आणि चुकीचं औषध फवारलं जाईल. अशा नोंदीत साल लाल पेनानं, नावाच्याही आधी लिहा. औषधाचं प्रमाण उतरवलं असेल तर ते दहा लिटर पाण्याला आहे की एकराला की हेक्टरला, हे त्याच ओळीत आलं पाहिजे. आकडा बरोबर आणि एकक गाळलेलं, अशी नोंद नसलेली बरी.

वाचनालय_कार्यवाह | २९ डिसेंबर, रात्री ८:४०

फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडून विषयाचं सांगतो.

डवरा भाऊंच्या रजिस्टरात ‘प्रकार’ म्हणून दीड सेंटीमीटर आहे. तिथं शब्द मावत नाही, पण वाचनालयाचा वर्गांक मावतो. कॉम्प्युटर नसलेल्या वाचनालयातही बऱ्याच पुस्तकांच्या कण्यावर चिठ्ठी असते, तिच्यावर ड्यूई दशांश पद्धतीचा आकडा असतो. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. त्यापुढं १ म्हणजे कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. ६३० शेती, ९२० चरित्र, ९५४ भारताचा इतिहास. घरच्या वहीत पूर्ण आकडा लिहायची गरज नाही. मराठी साहित्याला म१, म२, म३, म४ आणि बाकीच्यांना पहिले तीन अंक. वर्षाअखेरीस नुसता तो रकाना वरून खाली वाचला की कोणत्या बाजूला वाचन झुकलं ते दिसतं.

फाटकं पुस्तक असेल तर त्याचीही नोंद करा. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. पान ६४ नंतर एकदम ८१ आलं तर मधली ६५ ते ८०, म्हणजे बरोबर एक फर्मा, बांधणीत राहून गेला आहे किंवा शिवण सुटून पडला आहे. वहीत ‘पा. ६५–८० नाहीत’ लिहा आणि पुस्तक परत करताना वाचनालयातही सांगा. तसं न केल्यास वाचकाला वाटतं गोष्टच तुटक होती, आणि तसाच शेरा पुस्तकावर राहून जातो.

पांदण | ३० डिसेंबर, सकाळी ७:२५

टोपणनावं कुठं लावायची? शिवाय रजिस्टर तारखेनं चालतं, मग लेखक कसा शोधायचा?

गुरुजी_जिप | ३० डिसेंबर, सकाळी ११:००

रजिस्टरची शेवटची चौदा पानं सूचीसाठी राखा. प्रत्येक अक्षराला पान द्यायला गेलं तर निम्मी कोरी राहतात. वर्णमालेचे वर्ग घ्या: स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग आणि य ते ह. सात गट, प्रत्येकी दोन पानं. ट-वर्गाला एकच दिलं तरी चालतं, ते उरलेलं पान क-वर्गाला द्या. सूचीत फक्त आडनाव, नाव आणि नोंदीचे क्रमांक.

टोपणनावाला दोन ओळी लागतात. मुखपृष्ठावर जे नाव छापलं आहे तिथं क्रमांक लिहायचे, आणि खऱ्या नावाच्या जागी फक्त ‘पाहा’. उदाहरणार्थ ग-मध्ये ‘ग्रेस : १२, १९’ आणि त्याच वर्गात ‘गोडघाटे, माणिक – पाहा ग्रेस’. तसंच त-वर्गात ‘देशपांडे, आ. रा. – पाहा अनिल’. क्रमांक दोन्हीकडं लिहू नका. एका ठिकाणी भर पडते, दुसऱ्या ठिकाणी राहते, आणि मग कोणतं खरं ते कळत नाही.

अनुवादित पुस्तकाची सूची मूळ लेखकाच्या नावावर, आणि अनुवादकाच्या नावावर वेगळी ओळ. इथं मात्र दोन्हीकडं क्रमांक द्यावा, कारण एकाच अनुवादकाची पुस्तकं शोधत जाणं हा वाचनाचा चांगला रस्ता आहे.

आकडेमोड | ३० डिसेंबर, दुपारी २:१५

शीटमधल्या शोधाची एक अडचण, आपल्या भागाला रोज लागणारी. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडेलच असं नाही. ‘ॲ’ आणि ‘अॅ’चंही तेच. शिवाय ‘आ. रा.’ आणि ‘आ.रा.’ यात फक्त एका मोकळ्या जागेचा फरक, तेवढ्यानंही एकाच लेखकाचे दोन लेखक होतात.

उपाय असा. शीटमध्ये दुसऱ्या टॅबवर लेखकांची एक यादी करा आणि मुख्य तक्त्यात नाव टाइप न करता त्या यादीतूनच ड्रॉपडाउननं घ्या. नवा लेखक आला की आधी यादीत, मग तक्त्यात. जुन्या नोंदी असतील तर चुकीच्या तऱ्हेचा शब्द खान्यातूनच कॉपी करा, ‘शोधा आणि बदला’मध्ये चिकटवा, बदली शब्द आपल्या कीबोर्डनं टाइप करा. कॉपीच करा, टाइप करू नका. तुमचा कीबोर्ड ती दुसरी तऱ्हा उमटवणारच नाही.

वर्षाअखेरीस शीटची सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी मजकूर फाइल, काढून पेनड्राइव्हवर ठेवा. ती फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. घाबरून ती तशीच सेव्ह करू नका, मजकूर कायमचा जातो. कोरी एक्सेल उघडा, डेटा, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. टायपिंग सेंटरवाल्या जुन्या फॉन्टमध्ये नोंदी टाइप करून घेऊ नका. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्यातलं काहीच वाचता येत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, उतरवत असाल तर तो बरोबर उतरला का हे तपासता येतं. तेरा अंकांतला पहिला गुणिले १, दुसरा गुणिले ३, तिसरा १, चौथा ३, असं शेवटपर्यंत. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर एखादा अंक चुकला आहे. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी असतो, त्याची रीत वेगळी. आणि खूप जुन्या पुस्तकांवर तो नसतोच, तिथं प्रकाशक आणि साल हीच ओळख.

धानपट्टी | ३० डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

पानांच्या बेरजेबद्दल एक शंका. लहान अक्षराची २०० पानं आणि मोठ्या अक्षराची २०० पानं सारखी कशी मोजायची?

आकडेमोड | ३० डिसेंबर, रात्री ९:०५

मोजायचीच असतील तर शब्दांवर या. मजकुरानं पूर्ण भरलेलं पान निवडा. सलग दहा ओळींतले शब्द मोजा, समजा ९२ आले. म्हणजे ओळीला ९.२. पानावर ओळी २८, म्हणजे पानाला साधारण २५८ शब्द. दोनशे पानांचे ५१,६०० झाले. संवाद जास्त असलेलं पान घेऊ नका, तिथं ओळी अर्ध्यावर तुटतात आणि हिशेब फुगतो किंवा पडतो. कवितासंग्रहाला हा हिशेब लावूच नका. तिथं कविता मोजा.

डवरा | ३१ डिसेंबर, सकाळी ५:५०

वही टिकवाचं कोणी सांगितलं नायी, ते सांगतो. रजिस्टर भिंतीले टेकवून ठेवू नका. मातीच्या भिंतीतून उधई येते अन् पुठ्ठ्यापासून सुरू करते. भिंतीपासून चार बोटं दूर, जमिनीपासून उंच, अन् महिन्यातून एकडाव उघडून झटका. कडुलिंबाचा पाला ठेवाचा तर सावलीत पूर्ण वाळवून; ओला ठेवला तर पानाले डाग पडते अन् बुरशी धरते. डांबर गोळ्या उन्हाळ्यात लवकर उडून जाते, दर महिन्याले पाहा. कसरीले दमट अंधार आवडते, म्हणून पावसाळ्यात पेटीत बंद करून विसरू नका.

वहीत झेरॉक्स ठेवली असली तर ते मऊ प्लास्टिकच्या कव्हरात नको. गरमीत झेरॉक्सची शाई प्लास्टिकले चिकटून कागद कोरा होते. पुस्तकाच्या दुकानाचं मशीनवालं बिलही ठेवू नका, ते गरमीनंच छापलेलं असते, उन्हात काळं पडते नायी तं उडून जाते. किंमत, दुकान, तारीख वहीत उतरवून घ्या.

पांदण | ३१ डिसेंबर, सकाळी ८:१५

ज्यांनी यंदा नोंद ठेवलीच नाही त्यांनी मागचं कसं गोळा करावं?

वाचनालय_कार्यवाह | ३१ डिसेंबर, सकाळी १०:२०

आधी वाचनालयात या. देवघेव नोंदवहीत तुमच्या सभासद क्रमांकापुढं पुस्तक नेल्याची आणि परत केल्याची तारीख, दाखल अंकासह, असते. तासाभरात वर्ष उतरवून होतं. नंतर मोबाईलमधले फोटो महिन्यावार पाहा, पानांचे फोटो बऱ्याच जणांनी काढलेले असतात. मग घरातली कपाटं, आणि ज्यांच्याकडून पुस्तक उसनं आणलं त्यांना फोन.

एक काळजी घ्या: परत केल्याची तारीख म्हणजे वाचून संपल्याची तारीख असं नाही. अशा नोंदीत तारखेपुढं ‘अं.’ लिहा, अंदाजे. आणि नेलं म्हणजे वाचलं असंही नाही. आठवत नसेल तर ‘नेलं’ एवढंच लिहा.

कापूसपुस्तिका | ३१ डिसेंबर, दुपारी १२:३०

उतारे उतरवताना एक नेम पाळा. पुस्तकातलं वाक्य अवतरणचिन्हात, आपलं मत चौकोनी कंसात. मधलं गाळलं तर तीन टिंबं. हे न केल्यास काही वर्षांनी आपलंच वाक्य लेखकाचं म्हणून, किंवा लेखकाचं आपलं म्हणून, भाषणात नाही तर लेखात जातं. उतारा लिहून झाल्यावर पुस्तकाशी पुन्हा ताडून पाहा, विशेषतः ‘नाही’ आणि ‘न’ हे शब्द. सुटतात तर तेच सुटतात, आणि अर्थ उलटा होतो.

धानपट्टी | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ५:२५

अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं काय लिहायचं?

गुरुजी_जिप | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

तीन गोष्टी: थांबलात ते पान, थांबल्याची तारीख, आणि कारण एका शब्दात. ‘मुदत’, ‘भाषा’, ‘अक्षर’, ‘हंगाम’, ‘रस नाही’. ‘मुदत’ आणि ‘हंगाम’ असलेली पुस्तकं उन्हाळ्यात पुन्हा काढता येतात. ‘अक्षर’ असेल तर मोठ्या अक्षराची आवृत्ती शोधायची. ‘भाषा’ असेल तर दुसरा अनुवाद आहे का ते वाचनालयात विचारायचं. ‘रस नाही’ असेल तर तिथंच सोडायचं. पानसंख्येत वाचलेलीच पानं धरा, आणि स्थितीत ‘सोडलं’. पुन्हा हाती घेतलं तर नवा क्रमांक नको, त्याच नोंदीखाली तारीख.

पांदण | ३१ डिसेंबर, रात्री ९:३०

आज रजिस्टर आखलं. डाव्या पानावर दाखल अंक घ्यायचा म्हणून नावाचा रकाना १०.५ चा ८.५ केला आणि दाखल अंकाला २ दिले. डवरा भाऊ, मग उजवीकडच्या ‘कुठून आणलं’मधले ३ पैकी १ सेंटीमीटर खुणांना देऊ का?

डवरा | ३१ डिसेंबर, रात्री ९:५२

द्या. खुणांले १५ झाले. पण नावाचा रकाना ८.५ च्या खाली नेऊ नका, अनुवादकाचं नाव चौथ्या ओळीत जाते अन् पुढच्या नोंदीत घुसते. अन् दाखल अंक पेन्सिलनं लिहा. पुस्तक बाइंडिंगले गेलं का कवा कवा शिक्क्याचं पानच बदलते, अंक पुन्हा तपासून घ्या लागते.